‘पाचशे द्या, सगळं टाकून देतो’ची खरी किंमत



पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या दुकानात, लॉजवर, अडतीवर किंवा पतसंस्थेत एक तरी कॉम्प्युटर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आपल्या पंढरपुरात कॉम्प्युटर घेतला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पाचशे द्या, सगळं टाकून देतो." सगळं म्हणजे विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल आणि मराठी फॉन्ट. हजारोंचा माल पाचशेत येतो कसा, हे कुणी विचारत नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून घेणारे आपण इथं मात्र डोळे झाकतो.

माझं म्हणणं एवढंच: धंद्याच्या मशीनवर क्रॅक नको. जे विकत घेतल्याशिवाय चालतच नाही ते विकत घ्या, बाकीचं ओपन सोर्सवर न्या. उपदेश करत नाही, हिशेब सांगतोय.

आधी कायदा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. चोरीची कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कमाईसाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर कोर्टाला कैद माफ करता येते. म्हणजे घरच्या मशीनला थोडी सवड आहे, दुकानाच्या मशीनला ती नाही. पुढं कलम ६९ बघा. कंपनी, भागीदारी फर्म किंवा संस्था असेल तर कारभार बघणाराही जबाबदार. मला माहीत नव्हतं, किंवा मी पुरती काळजी घेतली होती, हे त्यानंच सिद्ध करायचं. "आमच्या ऑपरेटरनं टाकलं" एवढं म्हणून चेअरमन साहेब सुटत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "इथं कोण येतंय तपासायला?" बरं, पोलीस सोडा. चोराचं काय?

क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते आठवा. अँटिव्हायरस बंद करा. मग कुणी बनवली, कुठून आली याचा पत्ता नसलेली फाईल मशीनचे सगळे अधिकार देऊन चालवायची. म्हणजे वॉचमनला रजा द्यायची आणि अनोळखी माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली ठेवायची. त्याच मशीनवर आपलं नेटबँकिंग असतं, जीएसटीचा पासवर्ड असतो, उधारीची वही असते. माझ्या ओळखीच्या एका फ्लेक्सवाल्याच्या सगळ्या डिझाईन फाईली ऐन आषाढीच्या आधी लॉक झाल्या. स्क्रीनवर पैशाची मागणी, बॅकअप नाही, आणि दारात ऑर्डर घेऊन माणसं उभी. त्या चार दिवसांत त्याचं जे गेलं, त्यात अस्सल सॉफ्टवेअर कितीतरी वेळा आलं असतं.

लॉजवाल्यांनी तर जास्तच विचार करावा. वारीला आलेल्या माणसाच्या आधार कार्डाची कॉपी आपण त्याच मशीनमध्ये ठेवतो. लोकांची माहिती नीट सांभाळण्याचा कायदा २०२३ मध्ये संमत झालाय. पण कायदा नसता तरी, विश्वासानं दिलेलं कागदपत्र उघड्या दारात ठेवायचं का?

त्यात आणखी एक भर. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्याकडची बरीच जुनी मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मग काहीजण मशीन भंगारात काढतात, काहीजण परत कायतरी जुगाड करतात. तिसरा रस्ता आहे. लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, ईमेल, बिलं, पत्रं, हिशेबाचे तक्ते, एवढं काम करणारं मशीन अजून काही वर्षं आरामात चालतं. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस, फोटोसाठी गिंप, डिझाईनला इंकस्केप, पुस्तक-पत्रिकेच्या मांडणीला स्क्रायबस. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फॉन्ट आहे, युनिकोड आहे, आणि छापायला-विकायला त्याचा परवाना मोकळा आहे.

आता एक घोळ सोडवतो. ‘फुकट’ आणि ‘ओपन सोर्स’ हे एक नव्हे. एनीडेस्क फुकट मिळतं ते खाजगी वापरासाठी, धंद्यासाठी नाही. विनरार ४० दिवस चाचणीला असतं, आपण दहा वर्षं वापरतो. त्याऐवजी सेव्हन-झिप घ्या, तेच काम करतं. नेटवरून उतरवलेल्या कितीतरी फॉन्टवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं, आणि तेच आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झळकतात.

ओपन सोर्सलाही नियम असतात. दिंडीतली पंगत डोळ्यासमोर आणा. कुणीही बसावं, पोटभर जेवावं. पण तेच अन्न डब्यात भरून बाहेर ‘आमचीच रेसिपी’ म्हणून विकलं तर चालेल का? जीपीएल नावाचा परवाना साधारण असंच सांगतो. वापरा, बदला, विकासुद्धा. पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या. अटी पाळल्या नाहीत म्हणून सिस्कोसारख्या बलाढ्य कंपनीवर २००८ मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि २००९ मध्ये तिला तडजोड करावी लागली. आपण नुसते वापरणारे असू तर ही अट आपल्याला आडवी येत नाही. पण आपल्याकडची जी पोरं दुकानांना सॉफ्टवेअर बनवून विकतात, त्यांनी परवाना वाचूनच हात घालावा.

"हे सगळं पुण्या-मुंबईला ठीक" असंही म्हणतील. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत, खेड्यातलीसुद्धा. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच आपल्या खात्यांसाठी ओपन सोर्सचं धोरण काढलं. गोदामापासून हिशेबापर्यंत सगळं सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं बनवलंय. ते वापरणाऱ्या झिरोधानं २०२४ मध्ये ओपन सोर्स बनवणाऱ्यांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला. पंगतीत जेवलं की वाढायलाही उठायचं असतं, ते हे.

अडचणी लपवत नाही. टॅली विंडोजवर चालतं, तेव्हा हिशेबाचं एक मशीन अस्सल विंडोज आणि अस्सल टॅलीचं ठेवाच. कोरलच्या जुन्या फाईली इंकस्केपमध्ये जशाच्या तशा उघडतील असं नाही. छपाईचे रंग चाचणी प्रिंट काढल्याशिवाय पक्के धरू नका. ऑपरेटर पहिला महिनाभर कुरकुरणार. म्हणून सगळी मशीन एका दिवसात बदलू नका. एका मशीनपासून सुरुवात करा. शिकवायला माणूस लागेल, त्याला पैसे द्या. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी माणसाची मेहनत फुकट नसते.

गावासाठी तीन मागण्या आहेत.

एक, पतसंस्था आणि सोसायट्यांच्या सभासदांनी वार्षिक सभेत उभं राहून विचारावं: मशीन किती, लायसन किती, बॅकअप कधी घेतला? चहा-नाश्त्याचा खर्च विचारतोच की आपण. ठेव आपलीच आहे.

दोन, नगरपरिषदेनं आणि सरकारी कचेऱ्यांनी फॉर्म पीडीएफमध्ये आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच द्यावा आणि घ्यावा. एखादा ठराविक फॉन्ट नाही म्हणून माणसानं तो चोरून टाकावा, अशी वेळ कचेरीनंच आणू नये.

तीन, आपल्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून एकेक दुकान द्यावं. पोरांना खरं काम मिळेल, दुकानदाराला आधार.

आणि तुम्ही आज एवढंच करा. एका वहीत प्रत्येक मशीनचं नाव, त्यावर काय काय टाकलंय आणि कशाची पावती आहे, हे लिहून काढा. जिथं पावतीचा रकाना रिकामा राहील, तिथून सुरुवात करायची.