रंग नंतर लावा, आधी पाटे बघा

या वेळी काही जणांना राग येणार हे धरूनच लिहायला बसलोय. विषय आहे रिमोटवर चालणाऱ्या रॅलीच्या गाड्यांचा. हा पोरांच्या खेळण्याचा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर वाचावं.

सरळच सांगतो. मॉडेल म्हणून मिरवणाऱ्या रिमोटच्या बहुतेक रॅली गाड्या मॉडेल नसतातच. तो एक सुंदर रंगवलेला डबा असतो आणि त्याला खालून चाकं लावलेली असतात. स्टिकर बरोबर जागी, आरशाला काच, दाराला कडी, आत बसलेल्या ड्रायव्हरच्या हेल्मेटवरही पट्टे. आणि गाडी चालू केली की दगडावरून अशी टणाटण उडते, जशी पत्र्यावरून गोटी. असा डबा बनवायला लोक सहा-सहा महिने घालवतात आणि पाट्यांवर एक रविवारही नाही.

रॅलीची गाडी ओळखायची कशावरून? ट्रॅकवरची रेसची गाडी गुळगुळीत डांबरावर धावते. रॅलीच्या गाडीला खडी, वाळू, ओढा, गचके सगळं खावं लागतं आणि तरी चाक जमिनीला धरून ठेवावं लागतं. तिचं सस्पेन्शन म्हणजेच ती. मग ज्या मॉडेलचं सस्पेन्शन खोटं, ते मॉडेल कशाचं?

मी बांधतोय ती जिप्सी. आपल्यातल्या कुणाच्या कंबरेला जिप्सी आठवत नाही? १९८५ला आली, पुढे १९९६ला १.३ लिटरचं इंजिन मिळालं, आणि फौजेत तिने जो रगडा सोसला तो आपण सगळ्यांनी मागच्या बाकावर बसून मोजलाय. रेड द हिमालय १९९९ला सुरू झाली, त्यातही वर्षानुवर्षं जिप्स्या पळाल्या. आणि ही गाडी हाताने बांधायला देवाने दिलेली आहे. शिडीसारखी चॅसिस, पुढे-मागे सलग एक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे (युनिटमध्ये आपण कमानी म्हणतो), आणि बॉडी सगळी सपाट पत्र्याची. ज्याला पत्रा वाकवता येतो त्याला जिप्सी येते. एकास दहा मापात चाकांमधलं अंतर २,३७५ मिलिमीटरचं साधारण २३७ होतं, टायर ६७च्या आसपास. खिशातल्या पट्टीने मोजता येईल अशी गाडी.

आता मुद्द्याचं. माझ्या शेजारच्या बेडवर बिहारचा एक फिटर आहे, हात सोन्याचा. त्याने ठरवलं, पाटे अगदी हुबेहूब करायचे. खऱ्या पाट्याचं पान समजा ६ मिलिमीटर जाड. दहाने भागलं की ०.६. हॅकसॉचं ब्लेड साधारण तेवढंच जाड असतं, पोलादही चांगलं. त्याने ब्लेडच्या पट्ट्या कापल्या, दात घासून काढले, एकावर एक रचल्या, क्लॅम्प लावला. दिसायला इतकं अस्सल की वर्कशॉपमधले चार जण बघायला आले. मग गाडीचं वजन वर ठेवलं. पाटा हलला नाही. हाताने दाबला तरी जेमतेम. तो म्हणाला, "भाई, माप तो एकदम सही है." माप बरोबरच होतं, आणि खोट नेमकी तिथेच होती.

कारण असं. गाडी दहापट लहान केली की वजन दहापट कमी होत नाही, हजारपट होतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहाने घटतात. साधारण एक टनाची जिप्सी म्हणजे एक किलो. पण पाट्याची ताठरता तेवढी उतरत नाही. ती पानाच्या रुंदीवर, जाडीच्या घनावर आणि लांबीच्या घनाच्या उलट अवलंबून असते. सगळी मापं दहाने भागली तर ताठरता फक्त दहापट कमी होते. हवी असते शंभरपट कमी, कारण हजारपट हलक्या वजनाखाली पाटा दहापट कमी बसला पाहिजे. म्हणजे हुबेहूब नक्कल केलेला पाटा हवा त्यापेक्षा दहापट कडक निघतो. तो फळीसारखा वागणारच.

आमची मोटर, बॅटरी, पितळी एक्सल धरून गाडी दीड किलोला जाते, म्हणून दहापट नाही, पावणेसातपट मऊ करायचं. जाडीचा घन असल्यामुळे ०.६चं पान ०.३२पर्यंत आणलं की काम होतं. हे पान कुठे मिळतं? फीलर गेजच्या पात्यात. ०.३०चं पातं प्रत्येक मेकॅनिकच्या पेटीत असतं. (स्टोअरमधलं नाही हं, बाजारातून स्वतःच्या पैशाने आणलेलं. ऑडिटवाले साहेब वाचत असतील.) सगळी पानं पोलादी, पण पातळ. जाडी डोळ्याला खरी वाटावी म्हणून मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या घाला. पोलादापुढे त्यांचा जोर नगण्य असतो. पातळ पान तुटेल ही भीती उलटी आहे. तेवढ्याच वळणाला जाड पानावर जास्त ताण येतो, पातळावर कमी. दोन्ही टोकं लाल करून सावकाश थंड होऊ द्या, म्हणजे २ मिलिमीटरच्या पिनेभोवती डोळा वळवता येतो. टोकं तापवताना मधल्या भागावर ओलं फडकं ठेवा, तिथला पाणी उतरला तर पाटा मेला. मध्ये भोक पाडायच्या फंदात पडू नका, यू-क्लॅम्प पुरतो. पानांमध्ये पेन्सिलीच्या शिशाची पूड.

हे कुठल्याही डब्यावर छापलेलं नसतं. आणि म्हणूनच मला चीड येते ती डब्यांवर जे छापलेलं असतं त्याची. "स्केल स्पीड ताशी ५०० किलोमीटर!" गाडीचा खरा वेग ५०, गुणिले दहा. अरे, पृथ्वीची ओढ दहाने भागली का कुणी? गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं, त्यामुळे लहान गाडीचं सगळं काम लवकर होतं, आणि ते दहाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने होतं, म्हणजे ३.१६पट. खरी जिप्सी खडीवर ६०ने जात असेल तर मॉडेल १९ने गेलं की तेच दृश्य झालं. खरी गाडी गचका खाऊन सेकंदाला दीडदा हेलकावत असेल तर मॉडेलने पावणेपाचदा हेलकावलं पाहिजे. सिनेमातले लोक छोट्या मॉडेलचं शूटिंग याच हिशेबाने जलद करून सावकाश दाखवतात. तुमच्या मोबाइलवर सेकंदाला ९५ चित्रांच्या आसपास घ्या आणि ३०ने दाखवा. सस्पेन्शन खरं असेल तर बघणारा क्षणभर फसतो. खोटं असेल तर कितीही सावकाश दाखवा, गोटी ती गोटीच.

उड्यांचंही तेच. दीड मीटर उंच उडी मारून आपटणारी गाडी बघून टाळ्या पडतात. एकास दहाने ती १५ मीटर झाली. खरी जिप्सी पाच मजल्यांवरून टाका आणि मग बोला. आमच्याकडे तिची कागदं बीईआरची होतील, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, भंगारात. ताकदीचं तर विचारूच नका. ८० अश्वशक्तीची जिप्सी किंग या मापाला उतरवली तर १९ वॅट होतात, आमच्या दीड किलोला धरून २८. इकडे डब्यातल्या गाड्यांना शेकडो वॅटच्या मोटरी. मग लोक म्हणतात, "पातळ पाट्याने एक्सल पिळला जातो." पिळला जाणारच! घोड्याच्या जागी रेल्वेचं इंजिन जुंपलंत तर टांग्याचा दांडा मोडतो, त्यात दांड्याचा दोष नाही. साधी ब्रशची, भरपूर वेढ्यांची, सावकाश मोटर घाला.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रेसिंगच्या बग्ग्या बनवणारे आणि पळवणारे लोक सस्पेन्शन जाणतात, माझ्याहून जास्त जाणतात. तेल किती दाट, पिस्टनला किती भोकं, स्प्रिंग कुठली, यावर त्यांची रात्र जाते. पण त्यांना जिंकायचं असतं, कशाचं मॉडेल करायचं नसतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. थ्रीडी प्रिंटरशीही नाही. गिअरचं खोकं प्रिंटरने काढा, खुशाल काढा. भांडण आहे ते दुसऱ्याने काढलेली फाइल छापून, दुसऱ्याने ठरवलेली स्प्रिंग लावून, वर स्वतःचं नाव रंगवणाऱ्याशी. त्याला विचारा, हीच स्प्रिंग का? उत्तर येतं, "किटमध्ये आली होती."

हे उत्तर मला वर्कशॉपमध्येही ऐकू येतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नवीन पोरं हुशार आहेत, स्कॅनर लावतात, कोड वाचतात, पार्ट काढतात, पार्ट लावतात. पार्ट का गेला हे विचारलं की गप्प. आमच्या ईएमईचं ब्रीद "कर्म ही धर्म", त्यातलं कर्म म्हणजे नुसता नट फिरवणं नव्हे. सप्लाय वेळेवर येतो तोवर सगळं ठीक असतं. खिंड बंद झाली, ट्रक दोन आठवडे आला नाही, की तुटलेल्या पाट्याच्या जागी काय बसेल, किती कडक बसेल, हे डोक्यातून काढावं लागतं. एक किलोच्या गाडीवर ज्याने हा हिशेब हाताने केलाय, तो एक टनाच्या गाडीसमोर गोंधळत नाही. इथे शिकताना मोडलं तर फीलर गेजचं एक पातं मोडतं.

आमच्या गावचे एक रिटायर्ड सुभेदार काका म्हणतात, "पोरा, या खेळण्यात वेळ घालवण्यापेक्षा पेन्शननंतरचं बघ." काका, तेच बघतोय. सतरा वर्षं गाड्या उघडून जोडणारा माणूस चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो आणि त्याला पहिला प्रश्न काय, तर "बँकेत गनमन होणार का?" त्याच्या हातात काय आहे हे विचारणारा कुणी भेटत नाही, कारण दाखवायला त्याच्याकडे डिस्चार्ज बुकातली एक ओळ असते. मी लेथवर काढलेला एक्सल, ५ गुणिले १० गुणिले ४च्या बेअरिंगात बसलेला शाफ्ट, चांदीच्या डाकाने जोडलेली पितळी नळी टेबलावर ठेवीन. फॅब्रिकेशनचं दुकान चालवणारा कुणीही ते हातात घेऊन उलटसुलट करील आणि बाकीचं विचारील. गनमनच्या कामाला मी कमी लेखत नाही, आपलेच भाऊ करतात. पण फिटरला तिथे उभं करणं म्हणजे मायक्रोमीटरने खिळे ठोकणं आहे.

"वेळ कुठून काढायचा?" हाही एक ठरलेला प्रश्न. मी सध्या जिथे आहे तिथे वाळू आहे, एवढंच सांगतो. ट्रान्समीटर चालू करायचा इथे प्रश्नच येत नाही, त्यामुळे बिनतारी सामान सगळं गावी पेटीत आहे. इथे फक्त पोलाद, पितळ आणि पत्रा. गाडी पळवता येत नसली की माणूस ती हाताने दाबून बघतो, तिरकी करून बघतो, एक चाक डबीवर चढवून बाकीची तीन टेकतात का बघतो. रिमोट हातात असता तर यातलं काहीच झालं नसतं, पहिल्याच संध्याकाळी पळवून मोकळे. वाळूनेही एक शिकवलं. आपल्याला जी वाळू ती या गाडीला बजरी, कारण कण काही दहाने लहान होत नाहीत. बाजारातल्या टायरमध्ये ठासून भरलेला कडक फोम काढून टाकल्याशिवाय टायर त्यावर बसतच नाही, आणि मग लोक पकड मिळत नाही म्हणून मोटरला शिव्या देतात.

ज्यांना आतापर्यंत राग आला असेल त्यांनी एक करावं. आपली गाडी बॅटरीसकट टेबलावर ठेवा. चॅसिस हळूच उचला, चाकं टेबल सोडायच्या बेतात येईपर्यंत किती मिलिमीटर वर गेली ते पट्टीने मोजा. एकास दहाच्या गाडीत सहा ते अकराच्या दरम्यान आली पाहिजे. मग बंपर दाबून सोडा. गाडी वर यावी, किंचित जास्त जावी, आणि बसावी. दोनदा-तीनदा नाचली तर डॅम्परचं तेल पातळ आहे, मेणासारखी वर सरकली तर दाट. दोन मिलिमीटरही बसत नसेल तर स्टिकर कुठल्या रॅलीचे आहेत ते मला कळवू नका. आकडा कळवा, आणि पाट्याची किंवा स्प्रिंगच्या तारेची जाडी. पुढच्या सुट्टीपर्यंत मागचा एक्सल तयार होईल, तेव्हा माझे आकडे मी देईनच.

जय हिंद.