दार लावून घ्या आणि मराठीत बोला

आमच्या भोपाळमध्ये रविवारची उपासना हिंदीत होते, कुठे कुठे इंग्रजीत. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. एकाच बाकावर केरळचे, छोटा नागपूरचे, झाबुआचे लोक बसतात. सगळ्यांना चालेल अशी हिंदीच. माझे म्हणणे आहे ते घरातल्या प्रार्थनेबद्दल. भेल कारखान्यातल्या नोकरीपायी पिपलानी-बरखेड्यात येऊन राहिलेली आपली मराठी ख्रिस्ती माणसे जेवायला बसली की डोळे मिटून "हे पिता परमेश्वर, हम तेरा धन्यवाद करते हैं" असे घडाघडा म्हणतात, आणि आमेन संपते न संपते तोच, "अगं, लोणचं वाढ." म्हणजे लोणचे मराठीत आणि देव हिंदीत! हसू नका, मीही कित्येक वर्षे हेच केले.

माझी आई नगरकडची. कणीक मळताना ती देवाशी बोलायची. "बापा, हिच्या गणिताचं तूच बघ आता, माझ्याच्यानं होत नाही," एवढेच. परातीतला हात थांबायचा नाही. मला तेव्हा वाटायचे, ही कसली प्रार्थना! पाळकसाहेब कसे शुद्ध बोलतात. आता कळते, की पाळकसाहेबांचे ऐकायला मंडळी होती. आईचे ऐकायला एकटा देव होता, आणि ते तिला ठाऊक होते.

येशूच्या काळी धर्मग्रंथाची भाषा हिब्रू होती, घरात बोलायची अरामी. गेथशेमाने बागेतल्या त्या रात्री शिष्य झोपी गेलेले असताना त्याने बापाला हाक मारली ती 'अब्बा' अशी, घरातल्या शब्दाने. मार्कने शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले, पण तो शब्द तसाच ठेवला.

आपले कवी नारायण वामन टिळक यांना 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे याच टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. त्याच प्रवचनात येशू सांगतो, की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे.

"ताई, दोन खोल्यांत पाच माणसं. दार कुठलं लावू?" असे मला एकीने विचारले. खरे आहे. मी स्वयंपाकघरात बसते, गॅसच्या ओट्याखाली, पाटावर. लांबून पहाटेची अजान येते, तोच माझा गजर. नळ यायला तेव्हा अर्धा तास असतो. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवते. खरे दार तेच, आणि ते लावणे सगळ्यात जड जाते. स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचते, मग बोलते. कधी दहा मिनिटे, कधी तीन.

काय बोलायचे? जे खरे असेल ते. पेन्शनचे, गुडघ्याचे, सुनेशी अबोला धरलाय त्याचे. तक्रारही चालते. 2 डिसेंबर 1984 च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर या शहरात पुष्कळांना देवाची स्तुती करवेना, आणि त्यांना त्याची लाज वाटे. लाज कशाला? 88 वे स्तोत्र उघडा. ते अंधारात सुरू राहते आणि अंधारातच संपते. शेवटी स्तुती नाही की आभार नाहीत. तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

आणि शब्दच सुचले नाहीत तर गप्प बसा. इथून इटारसीच्या गाडीने होशंगाबादला जा (आता नर्मदापुरम म्हणायचे). तिथे 1870 च्या दशकापासून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे मिशन होते. या क्वेकर लोकांची जुनी रीत अशी, की उपासनेला पाळक नसतो. सगळे शांत बसतात, कुणाला आतून काही आले तर तो उठून बोलतो. मला गर्दीत ते जमणार नाही, पण पाटावर जमते.

पाळकसाहेबांना "आमच्यासाठी प्रार्थना करा" असे जरूर सांगा. पण बाप घरातच बसलेला असताना दर वेळी शेजाऱ्याहाती निरोप का धाडायचा?

उद्या नळ यायच्या आधी उठा. मोबाइल बाहेर ठेवा. आणि लोणचे ज्या भाषेत मागता, त्याच भाषेत पहिले वाक्य बोला.