थकवा कॅन्सरचाच असेल असं नाही

प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढला की ती कॅन्सरवर तुटून पडते, हे दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. पण या उपचारात, म्हणजे इम्युनोथेरपीत, मोकळी सुटलेली ही शक्ती कधीकधी आपल्याच ग्रंथींवर उलटते. थायरॉइड मंदावते, इपिलिमुमॅबसारख्या औषधाने मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी सुजू शकते आणि कॉर्टिसॉल हे हार्मोन आटतं. मग डोकेदुखी, गळाठा, उतरलेलं बीपी. घरचे म्हणतात, ‘कॅन्सर आहे, थकवा येणारच.’ मला हेच वाक्य सर्वांत घातक वाटतं. कॉर्टिसॉलची कमतरता जिवावर बेतू शकते, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनच्या साध्या गोळ्या, बहुधा आयुष्यभर. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही हे उद्भवतं. वाचकहो, असा थकवा आला तर इम्युनोथेरपी झाल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.