दहा मोटारींचा हिशेब

रब्बी रंगात आली की सेनगावपासून वसमतपर्यंत वायंडिंगवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. हळद, गहू, हरभरा, सगळ्यांना पाणी एकदमच हवं. जळालेली मोटार घेऊन आलेल्याला कारण विचारा, उत्तर ठरलेलं: ‘व्होल्टेज नव्हतं.’ खरंय, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं दहावीच्या विज्ञानात आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. पोरं हे मार्कांपुरतं पाठ करतात, बापाच्या स्टार्टरशी त्याचा संबंध कुणी लावून देत नाही.

पाणी तापवायच्या रॉडला 230 ऐवजी 160 व्होल्ट मिळाले, तर त्याची शक्ती निम्म्यावर येते. पाणी उशिरा तापतं, रॉडला काही होत नाही. मोटारीचं उलटं. एक एचपी म्हणजे 746 वॅट. पाच एचपीची मोटार 3,730 वॅटचं काम करते आणि त्यासाठी लायनीतून साडेचार हजारांहून जास्त ओढते. 415 व्होल्ट असतील तर फेजला साधारण 8 अँपिअर. व्होल्टेज 300 वर घसरलं तरी विहिरीतलं पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती 11 अँपिअरपर्यंत जाते. उष्णता अँपिअरच्या वर्गानं वाढते. 8 चे 11 झाले की वायंडिंग जवळपास दुप्पट तापतं. मग वास येतो.

आता डीपीचं बघा. 63 केव्हीएच्या डीपीला फेजमागे 85 अँपिअरच्या आसपास झेपतात. दहा मोटारींचे 80, म्हणजे कागदावर बसलं (आकडे टाकणारे या हिशेबात नाहीत, ते कुठल्याच हिशेबात नसतात). पण मोटार उठताना पाच-सहा पट करंट घेते. मध्यरात्री लाईट आली, दहाही स्टार्टरला ऑटोस्विच, मालक घरी झोपलेले. क्षणभरात डीपीवर 400 च्या वर. पुढं नवी डीपी येईपर्यंत सगळं शिवार कोरडं.

2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. मीटर नसलेल्यांना त्याआधीही एचपीवरच बिल यायचं. त्यामुळं मोजायची सवय लागलीच नाही, आणि माझ्या मते शेतकऱ्याचं खरं नुकसान तिथंच झालं. वायंडिंगचा खर्च कुठल्या बिलात माफ होत नाही.

ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय. योग्य कपॅसिटर लावला तर 8 अँपिअरची मोटार लायनीतून सातच्या आत घेते. दहा जणांनी लावला तर डीपीवर एका मोटारीची जागा मोकळी होते. तेव्हा एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा पारावर बसा, ऑटोस्विच काढून टाका आणि कुणाची मोटार कुणानंतर सुरू करायची, याचे नंबर ठरवून घ्या.