बलुत्याचा हिशोब कोणी लिहिला?

शेतकी कॉलेजातून बाहेर पडलेल्या आम्हा मंडळींनी अभ्यासाबाहेरचे एकच पुस्तक वाचलेले असेल, तर ते बहुधा वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ असते. १९८१ साली आलेले हे पुस्तक आजही बक्षीस म्हणून दिले जाते. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला काळा मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो आणि कापसाने खंगलेल्या रानात भुईमूग पेरायला शिकवतो. कृषी विस्ताराचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. पण आपण कार्व्हरपाशीच थांबलो. रान कसे सुधारावे ते त्यांनी सांगितले. त्या रानातला कापूस विकल्यावर काळ्या वाटेकऱ्याच्या पदरात काय पडत होते, ते सांगणारे लेखक निराळे.

रिचर्ड राइट हे त्यांपैकी एक, मिसिसिपीतल्या वाटेकऱ्याचा मुलगा. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली, जमीन मात्र गोऱ्या मालकाकडेच राहिली. बी, अवजार, खावटी मालकाच्या उधारीवर आणि राबणे वाटेकऱ्याचे. सुगी झाली की मालक वही उघडणार आणि सांगणार, अजून देणे बाकी आहे. वही दाखवा म्हणण्याची सोय नव्हती. म्हटले तर जिवाशी गाठ. राइट यांनी १९४१ साली काळ्या कष्टकऱ्यांच्या छायाचित्रांसोबत एक पुस्तक लिहिले आणि ती वही जगापुढे ठेवली. शांतता हवी असे नुसते लिहून शांतता येत नाही. हिशोब उघडा झाला की निदान भांडण कशाचे आहे ते तरी कळते.

आपल्याकडे हा धागा जुना आहे. अमेरिकेतले काळे लोक आपली कैफियत युनोपुढे मांडणार असे कळल्यावर १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले लेखक-विचारवंत दु बॉइस यांना पत्र पाठवून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. पुढे १९७२ चे वर्ष आले. दुष्काळाच्या त्या वर्षी भीमेपलीकडे, इंदापूर तालुक्यातल्या बावडा गावात दलित वस्तीवर बहिष्कार पडला. बहिष्कार म्हणजे काय ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको : कामाला बोलवायचे नाही, दुकानात माल द्यायचा नाही, दळण दळायचे नाही. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुण लेखक-कवींनी दलित पँथर उभी केली. नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि गावोगाव असा बहिष्कार टाकणारे कोण असत? शेतकरीच असत. हे आपल्या पत्रकात लिहिले गेले पाहिजे.

१९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. नावच हिशोबाचे. महाराने वेसकरकी करायची, मेलेले जनावर ओढायचे, मयताचा सांगावा परगावी न्यायचा. बदल्यात खळ्यावरचे पसाभर धान्य आणि दारोदारची भाकरी. ही वतने मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले, कायदा व्हायला १९५८ उजाडले. मी कित्येक वर्षे उत्पादन खर्चाची कोष्टके मांडतो आहे. बियाणे, खत, बैलजोडी, पाणीपट्टी, खंड, घरच्या माणसांची मजुरी, सगळ्याला रकाना आहे. बलुत्याच्या राबणुकीला रकाना कधीच नव्हता. शेतमालाला भाव नव्हता हे खरेच. पण ती तूट शेतकऱ्याने एकट्याने सोसली नाही, थोडी खाली ढकलली. ‘बलुतं’ वाचताना तो रकाना दिसतो.

लांब कशाला जायचे? सांगोला तालुक्यातल्या महूदला १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे शिक्षिका झाल्या आणि १९८६ साली त्यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आले. दलित बाईने लिहिलेले मराठीतले हे पहिले आत्मकथन मानतात. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ चे. आई दलित, बाप पाटील, आणि पोराला भूक. दोघेही आपल्या जिल्ह्याचे. आपल्या किती कार्यकर्त्यांच्या घरात ही पुस्तके आहेत?

या पुस्तकांनी गावाची बदनामी केली, असे पारावर ऐकू येते. जातीचा विषय काढला की शेतकऱ्याची एकी फुटते, असे आपल्यातलेही काही म्हणतात. मला पटत नाही. जी एकी दोन पुस्तकांनी फुटते, ती बाजार समितीच्या दारात किती वेळ टिकणार?

आणि भावांनो, मायबहिणींनो, ती वही अजून मिटलेली नाही. उजनीचे पाणी आले, माढा तालुक्यात ऊस आला, उसामागे कोयता आला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, टनावर फेडायची आणि हंगाम संपताना ऐकायचे की अजून फिटली नाही. वही मुकादमाकडे. मिसिसिपीतल्या त्या मालकाला हे बघून नवल वाटले नसते. काटा मारला जातो म्हणून आपण ओरडतो, रास्तच आहे. पण ज्या टनावर आपले बिल निघते, त्याच टनावर तोडणीवाल्याची मजुरी निघते. काटा मारला की दोघांचे जाते. आपण मोर्चा काढतो तेव्हा तो फडात असतो, त्याला कोणी बोलावलेलेही नसते.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या जिल्हा बैठकीत उत्पादन खर्चाचे कोष्टक मांडण्याआधी अर्धा तास शांताबाईंच्या पुस्तकाचे वाचन ठेवावे. वाचायला कोणी बाई असावी, भाषा त्यांच्याच तोंडी शोभेल. तोडणीच्या टोळीतले एक जोडपे बोलवावे, त्यांचा त्या दिवसाचा रोज आपण भरून द्यावा आणि उचलीचा हिशोब त्यांच्या तोंडून ऐकावा. बैठक गाळप बंद व्हायच्या आत घ्या. नंतर कोप्या मोडून टोळ्या गावाकडे निघतात.