विद्यावाचस्पतींचे पुढे काय?

केंद्र शासनाच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०१४-१५ साली देशात पीएच.डी.साठी नाव नोंदविलेले विद्यार्थी सुमारे १ लाख १७ हजार होते. २०२१-२२ साली ही संख्या २ लाख १२ हजारांवर गेली. त्यांत मुलींचे प्रमाण निम्म्याच्या जवळ आहे. ज्या घरांत पणजीला अक्षरओळख नव्हती, तेथील लेकी आज प्रबंध लिहीत आहेत, याचा आनंद कोणत्याही राष्ट्रप्रेमी माणसाला व्हावा. मात्र पदवीदानाचे छायाचित्र भिंतीवर लागल्यानंतर या तरुणांनी जायचे कोठे, हा प्रश्न विद्यापीठे स्वतःला विचारीत नाहीत.

धोरणातील धरसोड तर थक्क करणारी आहे. विद्यापीठीय विभागांत सहायक प्राध्यापक होण्यास जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य होईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली जाहीर केले. पुढे ही मुदत जुलै २०२३ पर्यंत लांबली आणि ती उलटताच पीएच.डी. ऐच्छिक ठरली. निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद संभवतात. परंतु पहिल्या घोषणेवर विसंबून ज्यांनी उमेदीची वर्षे ग्रंथालयात घालविली, त्यांना कोणी विचारले?

आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंधास किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. या काळात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ज्यांना मिळते, त्यांना जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपयांचा आधार आहे. पण ते भाग्यवंत थोडे. बार्टी, सारथी यांसारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना आंदोलनाला बसावे लागल्याचे महाराष्ट्राने पाहिले आहे. पदवी हाती आली की अनेकांच्या वाट्याला येते ते तासिका तत्त्वावरील अध्यापन. शिकविलेल्या तासांचेच मानधन, तेही बहुधा उशिरा. सुटीत काही नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. नावाआधी 'डॉक्टर' लागते, घरभाडे मात्र वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जाते! पस्तिशीला आलेल्या या मुलांचे विवाहही खोळंबतात. महाविद्यालयांतील पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून शासन जी बचत करते, तिची खरी किंमत अशी ही कुटुंबे मोजत आहेत.

अर्थात सर्व दोष शासनाच्या माथी मारून चालणार नाही. केवळ वेतनवाढीसाठी केलेले, कात्री-डिंकाने जुळविलेले प्रबंध आणि पैसे घेऊन ते लिहून देणारी दुकाने यांनी या पदवीची पत घालविली. त्याची झळ बसते ती प्रामाणिक अभ्यासकाला.

श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन मायदेशी परतले. काही काळ त्यांनी कोलकात्यास अध्यापन केले. पण त्यांचे नाव राहिले ते महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांमुळे. त्यासाठी त्यांनी कंपनी काढून लोकांकडून भागभांडवल उभारले. समाजाने पैसा दिला, म्हणून कोश झाला. तरीही ज्ञानकोशकारांची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली, हेही विसरता येत नाही. आज देवस्थाने, सहकारी बँका, उद्योजकांचे न्यास सत्कार-सोहळ्यांवर सढळ हाताने खर्च करतात. गडकोट, हस्तलिखिते वा बोलीभाषा यांवर काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकास पाच वर्षे वेतन देणारे त्यांत किती निघतील?

उद्योगांची जबाबदारी त्याहून मोठी आहे. संशोधनावर देशाचा खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास. केंद्राने २०२५ साली खासगी संशोधनाला चालना देण्यासाठी एक लाख कोटी रुपयांचा निधी मंजूर केला. स्वल्प व्याजाने हा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने ठरावीक संख्येने पीएच.डी.धारक कायम सेवेत घ्यावेत, अशी अट घालण्यास काय हरकत आहे? आणि राज्य शासनाने रिक्त पदांच्या भरतीचे वेळापत्रक जाहीर करून ते पाळावे. वित्त विभागाच्या टेबलावर पडून असलेल्या फायलींना आता पुरेशी धूळ बसली आहे.