रात्री लागणारे वीस हजार

नाशिक जिल्ह्यात मृगाचे ढग दिसू लागले की शेतकऱ्याच्या घरात दोन प्रकारच्या पैशांची जुळवाजुळव सुरू होते. एक पेरणीचा पैसा. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात बैठका होतात, पीककर्जाचा लक्ष्यांक ठरतो, हात आखडता घेणाऱ्या बँकांना पालकमंत्री तंबी देतात, वर्तमानपत्रेही रकाने भरून लिहितात. दुसरा घराचा पैसा. मुलाचा अकरावीचा प्रवेश, मुलीचे बाळंतपण, म्हाताऱ्याचे ऑपरेशन, वादळात उडालेले पत्रे, कोणाचे तरी दहावे-तेरावे. या पैशासाठी बैठक होत नाही आणि लक्ष्यांकही ठरत नाही. तो ज्याने त्याने कुठून तरी उभा करायचा असतो आणि बहुतेक वेळा तो रातोरात लागतो. ग्रामीण कर्जबाजारीपणाची आपली सारी चर्चा शेतीच्या कर्जाभोवती फिरत राहिली आणि घरखर्चाचे छोटे कर्ज सावकारासाठी मोकळे सोडले गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे कर्ज आज देते कोण? निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात पहिले नाव येते कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचे. खते-औषधे हंगामभर उधारीवर न्यायची आणि माल निघाला की हिशेब करायचा, ही तिथली रीत. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. त्या दोन भावांतला फरक म्हणजेच व्याज, पण पावतीवर ते व्याज म्हणून कुठेच दिसत नाही. याच दुकानदाराकडून अडीअडचणीला घरासाठीही पाच-दहा हजार मिळतात. मग मात्र दुकान बदलता येत नाही आणि तो देईल ते औषध बागेवर मारावे लागते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून छाटणीला आणि थिनिंगला खाली येणाऱ्या मजुरांना पैसे देतो तो टोळीचा मुकादम. पावसाळ्यात कणगीतला भात-नागली संपत आली की तो उचल देतो. उचलीला व्याज नसते, असे सगळेच सांगतात. पण उचल घेतलेल्याला मजुरीचा दर ठरवता येत नाही, दुसऱ्या बागेत जास्त पैसे मिळत असले तरी जाता येत नाही आणि आजारी पडला तर उचल पुढच्या सालावर चढते. कारखान्यावर ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्यांचीही हीच गत आहे. व्याज पैशात घेतले नाही म्हणून ते घेतलेच नाही, असे होत नाही.

या सगळ्यांच्या पलीकडे बसलेला असतो तो बिगरपरवाना सावकार. त्याच्याकडे फॉर्म नाही, जामीनदार नाही, ‘उद्या या’ नाही. रात्री अकराला दार वाजवले तरी वीस हजार हातात पडतात, आणि त्याचे सारे बळ या एका गोष्टीत आहे. दर मात्र महिन्याचा सांगितला जातो: शेकडा पाच, गरज फारच नडलेली असेल तर शेकडा दहा. ‘पाच टक्के’ ऐकायला बँकेपेक्षा स्वस्त वाटते. पण शेकडा पाचने घेतलेल्या वीस हजारांवर वर्षाला बारा हजार व्याज जाते आणि मुद्दल तसेच राहते. शेकडा दहाने वर्षात चोवीस हजार जातात आणि त्यानंतरही वीस हजार देणे शिल्लकच. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा वाढू नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे ब्रिटिश न्यायालयांच्याही आधीपासून चालत आला आहे. तो मोडायला अशा कर्जाला वर्षही लागत नाही.

या साखळीचे शेवटचे टोक कुठे जाते, ते २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. कातकरी कुटुंबांनी काही हजार रुपये आणि एखाद-दुसरी मेंढी यांच्या बदल्यात आपली लहान मुले मेंढपाळांकडे कामाला दिल्याचे उघड झाले, तेही त्यातल्या एका मुलीचा मृत्यू झाल्यानंतर. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे. गुन्हे दाखल झाले, मुलांची सुटका झाली, पथके फिरली. पण ज्या आईबापांनी मूल दिले, त्यांना ते काही हजार दुसरे कोण देणार होते, हा प्रश्न त्यावेळी फारसा कोणी विचारला नाही. आम्हाला तोच प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो.

वास्तविक याचे उत्तर सरकारच्या दप्तरात होते. महाराष्ट्र आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा अधिनियम १९७६ चाच. आदिवासीला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर खावटी कर्ज देण्याची पद्धत सुरू झाली. ते राबवणाऱ्या आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय याच नाशिक शहरात आहे. वसुली रखडली, माफ्या झाल्या आणि कर्जाची ही वाट बंद पडली. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, सरकारने एका वर्षापुरते खावटी अनुदान जाहीर केले: कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात. त्या संकटात ते आवश्यकच होते. पण एकदाच मिळालेले अनुदान आणि दर पावसाळ्यात हक्काने मिळणारे कर्ज यांत मोठा फरक आहे. दरवर्षी येणाऱ्या भुकेच्या महिन्यांना दरवर्षी भेटणारा सावकारच पुरून उरतो.

सपाटीवरच्या तालुक्यांत ही जागा विकास सोसायटीची होती. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे जर्मनीतल्या रायफायझेनचा विचार होता. एका गावची माणसे एकमेकांना ओळखतात, कोण कशासाठी पैसे मागतो आणि कोण फेडू शकतो हे त्यांना कागदाविना ठाऊक असते, म्हणून त्यांनीच एकमेकांना कर्ज द्यावे, हा तो विचार. आपल्याकडे सोसायटी पुढे पीककर्जाची खिडकी होऊन बसली. तिच्या मागे उभी होती नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास बंदी केली. तोवर जमा झालेल्या नोटा पुढच्या जूनपर्यंत तिजोरीत अडकून पडल्या. थकबाकी आधीच डोईजड होती, कर्जमाफीच्या चर्चेने वसुली थांबली, आणि कारभारातले जुने दोष उघडे पडले. खातेदाराला स्वतःचे पैसे काढायलाही रांगा लावाव्या लागल्या. २०१७ च्या अखेरीस संचालक मंडळ बरखास्तीपर्यंत गोष्ट गेली. पुढे बँकेने थकबाकीदारांच्या जमिनी जप्त करून लिलावाला काढल्या. त्याविरुद्ध २०२३ च्या जानेवारीत मालेगावात पालकमंत्र्यांच्या घरावर शेतकऱ्यांचा बिऱ्हाड मोर्चा निघाला. बँक वाचवण्याचे प्रयत्न चालू राहोत, त्यांना यश येवो. पण बँक सावरेपर्यंत गावातली गरज थांबून राहत नाही. सोसायटीची खिडकी बंद झाली तेव्हा गावकरी सावकाराकडे, नाहीतर हप्त्याच्या फायनान्सकडे वळले.

या फायनान्स कंपन्या कायदेशीर आहेत. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला त्या विनातारण कर्ज देतात आणि कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नये, असे बंधन त्यांच्यावर आहे. पण त्या बेरजेत मुकादमाची उचल आणि सावकाराचे देणे धरलेले नसते, कारण ते कोणत्याच संगणकात नोंदलेले नसते. एकीचा हप्ता थकला की बाकीच्या बायकांनी तिच्या दारात बसायचे, ही वसुलीची रीत किती जीवघेणी ठरू शकते ते २०१० मध्ये आंध्र प्रदेशात दिसले. आत्महत्यांनंतर तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. शेजाऱ्यांची ओळख हा सहकाराचा पाया आहे. दूरच्या कंपनीने ती वसुलीसाठी भाड्याने घेतली की त्याच ओळखीची दहशत बनते.

सावकारीविरुद्ध कायदा मात्र आपल्याकडे चांगला आहे, आणि तो लोकांना माहीत नाही याची आम्हाला खंत वाटते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला नऊ आणि विनातारण बारा टक्के, इतरांकडून पंधरा आणि अठरा टक्के यापुढे व्याज घेता येत नाही. म्हणजे कायद्याची सर्वात वरची मर्यादा महिन्याला शेकडा दीड. याहून मोलाचे आहे ते कलम १८. कर्जाच्या बदल्यात सावकाराने खरेदीखत किंवा साठेखत करून जमीन लिहून घेतली असेल, तर अर्जापूर्वीच्या पंधरा वर्षांपर्यंतचा असा व्यवहार जिल्हा निबंधक चौकशीअंती रद्द ठरवून जमीन परत देऊ शकतात. हे जिल्हा निबंधक म्हणजे आपले सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. तालुक्याला सहायक निबंधक असतात. त्यांच्याकडे साध्या कागदावर अर्ज करण्याचीही अनेकांची हिंमत होत नाही, कारण सावकार गावातला, कधी भावकीतला असतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याचेच दार वाजवायचे असते. दुसरे दार उघडल्याशिवाय या कायद्याचा उपयोग होणार नाही. २०१५ मध्ये सरकारने परवानाधारक सावकारांकडचे शेतकऱ्यांचे कर्ज स्वतः फेडण्याचा निर्णय घेतला तो विदर्भ-मराठवाड्यासाठी. नाशिक त्यात नव्हते. आणि खरा गळफास असलेले बिगरपरवाना कर्ज अशा कोणत्याही माफीत बसूच शकत नाही.

दुसरे दार कोणते, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. गावोगाव चालणारी भिशी हे त्याचे साधे रूप आहे. महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, ज्याला नड त्याने व्याजाने उचलायची आणि दिवाळीला व्याजासह वाटून घ्यायची. मात्र तिची कुठे नोंद नसते. चालवणारा पैसे घेऊन पसार झाला तर दाद मागणे कठीण. तिचेच शिस्तीतले, लेखी रूप म्हणजे महिला बचतगट. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडले, महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि पुढे ‘उमेद’ अभियानाने ते वाड्यापाड्यांपर्यंत नेले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब ही पंचसूत्री आज निरक्षर बाईलाही तोंडपाठ आहे. गटात बहुतेक ठिकाणी शेकडा दोनने कर्ज मिळते. वीस हजार घेऊन दहा हप्त्यांत फेडले, तर उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून एकूण बावीसशे रुपये होतात. शेकडा दोन हा दर वर्षाला चोवीस टक्के होतो आणि तो कमी नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ते बावीसशे गटाच्याच पेटीत राहतात आणि वर्षअखेर त्याच बायकांच्या नावे जमा होतात.

मग बचतगटाची बाई सावकाराकडे का जाते? कारण गटाच्या पेटीत तेवढे पैसे नसतात आणि बैठक महिनाअखेरीला असते. अचानक येणाऱ्या संकटांसाठी गटांच्या ग्रामसंघाला जोखीम प्रवणता निधी मिळतो, सदस्यामागे दीड हजार रुपये. दीडशे बायकांच्या ग्रामसंघाकडे असे सव्वादोन लाख येतात. वीस-वीस हजारांची गरज निघाली तर अकरा घरांत हा निधी संपतो, आणि श्रावणातल्या एखाद्या पाड्यावर अकरा घरे एका आठवड्यात अडचणीत येतात.

हा निधी किमान चौपट व्हायला हवा, आणि सुरुवात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या तालुक्यांतून व्हायला हवी. ग्रामसंघाच्या तीन पदाधिकाऱ्यांनी सही केली की बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी पैसे देता येतील, असा अधिकार त्यांना द्यावा. हिशेब पुढच्या बैठकीत मांडला जाईल. खावटी पुन्हा सुरू करायची तर ती महामंडळाच्या गोदामातून न देता याच ग्रामसंघांमार्फत, कर्ज म्हणूनच द्यावी, कारण परत आलेला पैसा पुढच्या वर्षी शेजारणीच्या कामी येतो. कर्जमाफीच्या घोषणांतून हा निधी कटाक्षाने दूर ठेवावा. सरकारने एकदा माफी दिली की गटाची परतफेड मोडते आणि ती पुन्हा बसवायला कित्येक वर्षे जातात, हे जिल्हा बँकेच्या अनुभवाने आपण शिकलो आहोत.

आणि जिल्हा उपनिबंधक कार्यालयाने एवढे तरी या पावसाळ्याआधी करावे: तालुक्यातल्या प्रत्येक परवानाधारक सावकाराचे नाव, त्याला घेता येणारा व्याजदर आणि कलम १८ खाली अर्ज कुठे करायचा याची माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावी. या कामाला विधेयक लागत नाही, नवी तरतूदही लागत नाही. नाशिक जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांत ते एका महिन्यात होऊ शकते. भिंत कोणती आणि त्यावर काय लिहायचे, हे ग्रामसंघाच्या बायकांना विचारले तर त्या जागेवर उभ्या राहून सांगतील.